कोर्व्हॅलिसच्या जीनबँकेतून रानस्ट्रॉबेरी मागवली, त्याचा अनुभव

डबा उघडला तर आत चार झिपच्या पिशव्या. प्रत्येकीत ओल्या टिश्यूपेपरात गुंडाळलेले तीन रनर, म्हणजे आईझाडाने टाकलेल्या फुटव्यांवरची बाळरोपं, करंगळीएवढी, मुळांच्या जागी नुसत्या तांबूस गाठी. आणि प्रत्येक पिशवीत एक पांढरी चिठ्ठी. तिच्यावर त्या रोपाचे दोन ओळखक्रमांक, पीआय आणि सीएफआरए, आणि जातीचं लॅटिन नाव. मी आधी चिठ्ठ्या वाचल्या, माझ्या यादीशी ताडून पाहिल्या, चारही जुळल्या, आणि मगच रोपांना हात लावला.

चिठ्ठी आधी का, हे सांगायचं तर घरापासून सुरुवात करावी लागेल. मी पाचगणीजवळच्या गावातली, घरची स्ट्रॉबेरी. मी शाळेत असताना एका वर्षी आप्पांनी एका व्यापाऱ्याकडून स्वीट चार्ली म्हणून मदर प्लांट घेतले. पावसाळाभर शेडखाली रनर धरले, सप्टेंबरच्या अखेरीला गादीवाफ्यांवर लावले, ठिबक टाकलं, मल्चिंगचा कागद अंथरला. डिसेंबरात फळ धरलं तेव्हा एकाच वाफ्यात दोन तऱ्हा. काही झाडं लवकर आलेली, काही तीन आठवडे मागे, त्यांची फळं देठाजवळ पांढरी राहायची. पनेटमध्ये, म्हणजे विक्रीच्या छोट्या डब्यात, एकसारखा माल भरता येईना. मुंबईला दर पडला तो पडलाच. व्यापारी म्हणाला, पाठवणाऱ्याकडेच गोंधळ झाला असेल. आप्पा घरी येऊन एवढंच बोलले, "झाडाचा काय दोष नाय. नावाचा दोष हाय."

आता मी अमेरिकेत, मिशिगनमध्ये एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आहे. रानटी स्ट्रॉबेरीचे जीनोम, म्हणजे डीएनएची सगळी अक्षरं, वाचायचे, मातीतल्या रोगांना टिकाव धरणारी जनुकं त्यात कुठे बसली आहेत ते शोधायचं, आणि पैदास करणाऱ्यांच्या हाती ती माहिती द्यायची, हे आमचं काम. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका प्रयोगशाळेकडून आम्हाला 'रानटी व्हर्जिनियाना' (उत्तर अमेरिकेतली एक रानस्ट्रॉबेरी) म्हणून एक रोप भेट मिळालं. आम्ही विश्वासाने घेतलं, वाढवलं, डीएनए काढला, वाचून घेतला, वाचलेले तुकडे संगणकावर जोडले. हाती आलेला जीनोम लागवडीच्या वाणांच्या इतका जवळचा निघाला की शंकेला जागा उरली नाही. ते रोप रानातलं नव्हतं, कुठल्या तरी बागेतल्या संकराचं होतं. आठ महिने गेले. त्या रात्री मला आप्पांचं वाक्य आठवलं आणि मी ठरवलं की यापुढे रोप मागायचं ते कोर्व्हॅलिसकडेच.

कोर्व्हॅलिस हे ऑरेगॉन राज्यातलं विद्यापीठाचं गाव. तिथे अमेरिकेच्या कृषी खात्याची नॅशनल क्लोनल जर्मप्लाझ्म रिपॉझिटरी आहे, १९८१ सालापासून. आपण तिला जीनबँक म्हणू. गहू-ज्वारीची जीनबँक म्हणजे थंड खोलीत ठेवलेलं बी. फळझाडांना तो मार्ग पुरत नाही, कारण स्ट्रॉबेरीचं बी पेरलं तर आईसारखं झाड येत नाही. म्हणून इथे झाडंच जिवंत ठेवतात. स्ट्रॉबेरी, ब्लूबेरी, क्रॅनबेरी, रास्पबेरी-ब्लॅकबेरीचं कूळ, शिवाय नाशपाती, हेझलनट, पुदिना, बीअरमध्ये घालतात ते हॉप. लागवडीचे वाण आणि त्यांचे रानातले नातलग, दोन्ही.

रोप मागवायची रीत सोपी आहे. त्यांची यादी इंटरनेटवर उघडी आहे. लॅटिन नावाने शोधायचं, एकेका नोंदीवर जायचं, हवं ते टोपलीत टाकायचं आणि कशासाठी हवं ते चार ओळींत लिहायचं. या चार ओळी मन लावून लिहा. 'संशोधनासाठी' एवढंच लिहून भागवू नका. कुठला गुण शोधताय, किती रोपं लागतील, रनर हवा की नुसतं पान चालेल, हे स्पष्ट लिहिलं की तिथली माणसं स्वतःहून सुचवतात. मी मागितलेल्या एका नोंदीऐवजी त्यांनी दुसरी सुचवली, कारण तिच्या गोळा करण्याच्या जागेची माहिती जास्त पक्की होती. हे मला कुठल्याही दुकानात मिळालं नसतं. रोपांचे पैसे लागत नाहीत. मात्र घरच्या बाल्कनीसाठी मागाल तर मिळणार नाहीत. संशोधन, पैदास आणि शिक्षण यांच्यासाठीच ती आहेत, आणि ते योग्यच आहे.

वाट मात्र पाहावी लागते. माझी मागणी मंजूर होऊन डबा निघेपर्यंत सात आठवडे गेले. झाड रनर टाकेल तेव्हाच तो कापून मिळणार, त्याला घाई चालत नाही. आपल्याकडे मे-जूनमध्ये मदर प्लांट आले की पुढचे तीन महिने रनर धरण्यात जातात, हे ज्याने पाहिलंय त्याला याचं कारण सांगावं लागत नाही. रोपंही मोजकीच येतात, तीन म्हणजे तीन. एक जगवली की वाढवणं आपल्या हातात.

एक वाईट अनुभव आला, तो जीनबँकेचा नाही. पहिल्या खेपेचा डबा कुरिअर कंपनीने चार जुलैच्या सुट्टीत गोदामात ठेवून दिला. पाच दिवस. माझ्या हाती आला तेव्हा आत शिजलेला पाला होता, आंबूस वासाचा. मी फोटो काढून कोर्व्हॅलिसला कळवलं, आणि ऑगस्टमध्ये त्यांनी पुन्हा पाठवलं. तेव्हापासून मी डबा सोमवारी निघावा असं अर्जातच लिहिते. तुम्हीही लिहा.

आता त्या चार पिशव्यांपैकी एकीबद्दल, कारण तिच्यासाठीच हा सगळा खटाटोप मला सार्थ वाटतो. तिच्यावर लिहिलं होतं पीआय ५५१५७२, फ्रॅगॅरिया व्हेस्का, हवाई ४.

स्ट्रॉबेरीच्या सगळ्या जातींत पहिला जीनोम वाचला गेला तो याच हवाई ४ चा. डिसेंबर २०१० मध्ये तो प्रसिद्ध झाला. व्हेस्का ही रानातली लहानखुरी स्ट्रॉबेरी, तिच्या पेशीत गुणसूत्रांच्या सात जोड्या, जीनोम सुमारे २४ कोटी अक्षरांचा. झाडांच्या मानाने हे फार आटोपशीर, म्हणून अभ्यासाला तिला निवडलं. तेव्हापासून जगात कुठेही कोणी स्ट्रॉबेरीचं जनुक शोधायला बसलं की आधी या हवाई ४ च्या अक्षरांशी ताडून बघतं. आणि ज्याची ती अक्षरं, ते झाड आजही कोर्व्हॅलिसच्या संग्रहात आहे, क्रमांकासकट. कोणीही विद्यार्थी ते मागवू शकतो. संगणकावरचं अक्षर खरं की खोटं असा प्रश्न पडला तर पान तोडून पुन्हा तपासता येतं. हे मला फार मोठं वाटतं.

माझ्या हवाई ४ ला दहा आठवड्यांनी फळ आलं. करवंदाहून बारीक, टोकदार, आणि पिकल्यावरही फिकट पिवळसर. लाल होतच नाही. लाली आणणाऱ्या एमवायबी-१० नावाच्या जनुकात एकच अक्षर बदललेलं आहे, तेवढ्याने रंग गेला. आप्पांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि कामाचाच प्रश्न विचारला, "आगं, मग पिकलं कवा, कळायचं कसं?" मी बोट लावून दाखवलं. पिकलेलं फळ नुसत्या स्पर्शाने देठावरून सुटतं, आपल्या स्ट्रॉबेरीसारखं खुडावं लागत नाही. आणि वास. एका फळाने खोली भरते. रानस्ट्रॉबेरीच्या या वासात मिथाइल अँथ्रानिलेट नावाचं द्रव्य असतं, द्राक्षाच्या सरबताची आठवण करून देणारं. लागवडीच्या बहुतेक वाणांतून ते हरवलंय. फळ मोठं, टणक आणि ट्रकमध्ये टिकणारं हवं म्हणून निवड करत गेलो, त्यात ते मागे पडलं.

मोठ्या फळाची गोष्टही सांगायला हवी, नाहीतर रानात परत कशाला जायचं ते कळणार नाही. आपण खातो ती स्ट्रॉबेरी जेमतेम अडीचशे-पावणेतीनशे वर्षांची. १७१४ मध्ये फ्रेझिए नावाचा फ्रेंच अधिकारी चिलीहून मोठ्या फळांची चिलोएन्सिस जात जहाजातून घेऊन गेला. प्रवासात पाणी तुटपुंजं, पाचच रोपं जगली, आणि ती सगळी मादी. फ्रान्समध्ये त्यांच्या शेजारी उत्तर अमेरिकेची व्हर्जिनियाना लागली आणि दोघींचा संकर झाला. हा संकर आहे हे १७६६ मध्ये ड्युशेन या तरुणाने लिहून ठेवलं. म्हणजे आजच्या सगळ्या वाणांचा पाया इतका अरुंद. मर रोगाची बुरशी मातीत शिरली की सगळ्या वाफ्याचा एकदम बळी जातो, तो यामुळेही. कॅलिफोर्नियात मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूने माती धुरावून घ्यायचे. ओझोनच्या थरासाठी ते बंद झालं आणि दबलेले रोग वर आले. मग डेव्हिसच्या विद्यापीठातल्या लोकांनी मर रोगाला अडवणारी जनुकं शोधली, आणि तशी जनुकं रानटी चिलोएन्सिस-व्हर्जिनियानातही सापडली.

रानातल्या एका रोपाने काय होतं याचं याहून जुनं उदाहरण आहे. डेव्हिसचेच पैदासकार रॉयस ब्रिंगहर्स्ट यांनी १९५० च्या दशकात यूटा राज्यातल्या वॉसॅच डोंगरातून व्हर्जिनियानाची रोपं आणली. दिवस लहान असो की मोठा, ती फुलत राहायची. तो गुण लागवडीच्या स्ट्रॉबेरीत उतरवायला त्यांना वीसेक वर्षं लागली, पिढ्यांवर पिढ्या, कारण रानटी झाडाबरोबर बारकी, मऊ फळंही येतात आणि ती धुऊन काढायला पुन्हापुन्हा संकर करावा लागतो. आज कॅलिफोर्नियात भर उन्हाळ्यात जी स्ट्रॉबेरी निघते तिच्यामागे ते डोंगरातलं रोप आहे. जीनोममुळे ही वीस वर्षं कमी होतात. हजार रोपांना फळ यायची वाट बघण्याऐवजी दोन पानांच्या रोपाचा तुकडा घेऊन हवं ते जनुक उतरलं का, हे तपासता येतं. नऊशे रोपं तिथेच बाजूला काढता येतात.

कॅमारोसाचा जीनोम २०१९ मध्ये पूर्ण झाला. हो, तोच कॅमारोसा, आमच्या भागात वर्षानुवर्षं लावलेला. ८० कोटींहून जास्त अक्षरं, एक लाख आठ हजार जनुकं. लागवडीच्या स्ट्रॉबेरीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, म्हणजे चार वेगवेगळ्या पूर्वजांचे जीनोम एकाच पेशीत नांदतात. चारपैकी एक व्हेस्काचा आणि एक जपानच्या इइनुमे या रानजातीचा, यावर एकमत आहे. उरलेले दोन कोणाचे यावर तज्ज्ञांत वाद आहे. तो सोडवायचा तर पुन्हा रानातल्या, नावाच्या पक्क्या रोपांकडेच जावं लागतं.

हे सगळे जीनोम एका जागी बघायला मिळतात ते जीनोम डेटाबेस फॉर रोझेसी या संकेतस्थळावर. २००३ मध्ये सुरू झालं, आता वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतून चालतं, गुलाबाचं सगळं कूळ तिथे आहे, सफरचंद-बदामासकट. तेही फुकट. कोर्व्हॅलिसची सेवा वापरायची तर दुसऱ्या खिडकीत हे उघडं ठेवाच. रोपाचा क्रमांक इकडे, त्याची अक्षरं तिकडे.

पान हातात आल्यावरचं काम कोणी सांगत नाही म्हणून सांगते. स्ट्रॉबेरीच्या पानातून लांब, न तुटलेला डीएनए काढणं त्रासाचं आहे. पान चुरडलं की चिरलेल्या वांग्यासारखं काळं पडतं, आणि द्रावणात भेंडीच्या चिकासारखा बुळबुळीतपणा येतो. साखरेच्या लांब साखळ्या डीएनएला चिकटून बसतात आणि डीएनए वाचणाऱ्या यंत्राची छिद्रं बुजवतात. त्यासाठी रोप आधी दोन-तीन दिवस अंधारात ठेवायचं म्हणजे साठवलेला पिष्टांश ते स्वतःच खाऊन टाकतं, आणि अगदी कोवळं, अजून घडी न उलगडलेलं पान घ्यायचं. कोर्व्हॅलिसच्या रोपांचा इथे फायदा झाला. पानं निरोगी होती, विषाणूची पिवळी नक्षी कुठे नव्हती. विषाणूने पिचलेल्या रोपाचा जीनोम वाचायला गेलं की विषाणूचीही अक्षरं मध्ये येऊ शकतात.

ही रोपं इतकी स्वच्छ कशी, ते गेल्या वर्षी प्रत्यक्ष बघून आले. स्ट्रॉबेरीचा संग्रह बारीक जाळीच्या घरांत आहे, मावा आत शिरू नये इतकी बारीक जाळी, कारण मावा विषाणू पसरवतो. कुंड्या एकमेकींना न टेकता ठेवलेल्या. एक बाई हातात लहान कात्री घेऊन रांगेने चालली होती, लोंबणारा प्रत्येक रनर कापत. मी विचारलं, एवढं काय? ती म्हणाली, एक रनर शेजारच्या कुंडीत रुजला की दोन कुंड्यांचं नाव गेलं. मी तिथे उभी राहिले आणि आमचा तो दोन तऱ्हांचा वाफा डोळ्यांपुढे आला. आमच्या व्यापाऱ्याच्या नर्सरीत कदाचित एवढंच झालं असेल, कात्री घेऊन चालणारं माणूस नसेल.

कुंडी मेली तर? म्हणून काही रोपांची पिल्लं ऊतिसंवर्धनाच्या बंद प्लास्टिक पिशव्यांत, चार अंश थंडीत ठेवतात. काहींच्या कोंबाची टोकं द्रव नायट्रोजनमध्ये, हजार मैलांवर कोलोराडोतल्या फोर्ट कॉलिन्सला. एकच रोप तीन जागी.

त्या दिवशी कॅस्केडेन्सिसही पाहिली. कॅस्केड डोंगरातली जात, गुणसूत्रं ७०, म्हणजे दहा संच. किम हमर यांनी २०१२ मध्ये तिचं नाव ठेवलं. तेव्हा त्या त्याच जीनबँकेत शास्त्रज्ञ होत्या. इतकी वर्षं स्ट्रॉबेरीवर काम चालू असलेल्या राज्यातल्या डोंगरात ही जात लोकांच्या पायाखाली होती आणि दुसरीच समजली जात होती. गुणसूत्रं मोजली तेव्हा ओळख पटली.

ब्लूबेरीच्या रांगेत रुबेल होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू जर्सीत एलिझाबेथ व्हाइट यांनी आसपासच्या रानात फळं गोळा करणाऱ्यांना सांगितलं, सगळ्यात मोठ्या फळांची झुडपं दाखवा. झुडपाला दाखवणाऱ्याचं नाव मिळे. रूब लीक यांनी दाखवलेलं ते रुबेल. शंभर वर्षं झाली, ते रानातलं झुडूप जसंच्या तसं अजून लागवडीत आहे. आपल्या सह्याद्रीतल्या करवंदाच्या जाळ्यांतही गोड, मोठ्या फळांची जाळी कुठली ते गुराख्यांना माहीत असतं. त्यांना कोणी असं विचारावं, त्यांच्या नावाने एखादी कुंडी उभी राहावी, असं मला फार वाटतं.

महाराष्ट्रातल्या कृषी महाविद्यालयांतली मुलं मला विचारतात, आम्हाला मागवता येईल का? येईल, पण भारतात संशोधनासाठी आणायचं रोप दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या परवान्याने आणि त्यांच्या विलगीकरणातूनच यायला हवं. सोबत इकडचा रोगमुक्तीचा दाखला लागतो. वेळ जातो. तरी सुट्टीला येणाऱ्या मावशीच्या बॅगेतून रनर मागवू नका. एका पानाखालचा कोळी किंवा मुळातली बुरशी महाबळेश्वरच्या पठारावर उतरली तर ती कोणाच्या बापाला आवरणार नाही.

नोंदींबद्दल एक अपेक्षा ठेवा. अलीकडे गोळा केलेल्या रोपांची माहिती भरभरून आहे: अक्षांश-रेखांश, उंची, उतार कुठल्या दिशेचा, आसपास कुठली झाडं. जुन्या काही नोंदींत फक्त राज्याचं नाव सापडतं. तुमच्या कामाला जागा महत्त्वाची असेल, थंडी किंवा खारी हवा सोसण्याचा गुण शोधत असाल, तर आधी नोंद वाचा, मग टोपलीत टाका.

माझी चारही रोपं डीएनएनेही चिठ्ठीप्रमाणेच निघाली. चारपैकी चार.

पुढची मागणी लिहून ठेवली आहे, तिच्यात एकच नाव आहे, फ्रॅगॅरिया निलगेरेन्सिस. आपल्या निलगिरीवरून पडलेलं नाव. पांढरट फळाची रानस्ट्रॉबेरी, गुणसूत्रांचे दोनच संच. जपानी पैदासकारांनी तिचा लागवडीच्या स्ट्रॉबेरीशी संकर करून 'तोकुन' नावाचा वाण काढला, फिकट गुलाबी, आणि वास पीचचा. आप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, निलगिरीचं फळ, आनि वास जपानात निगाला? मग म्हणाले, आलं की आधी चिठ्ठी वाच. फळ धरलं की मला दाखव, आनि वास कसा येतोय ते नीट सांग, घाईनं सांगू नको.